सासऱ्याच्या पंगतीत घास उचलला नाही

सन एकोणीसशे चौसष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. माझा पोरगा उभा राहायला लागला होता आणि तो माझ्या घरात नव्हता. त्याची आईही नव्हती. दोघं कुसगावला, माझ्या सासऱ्याच्या दगडी घरात. मी कुरवंड्याला, कुडाच्या घरात, माझ्या म्हाताऱ्या आईबरोबर.

हे लिहायला मला त्याच पोरानं सांगितलं. आता तो साठीला टेकला. त्याच्या ऑफिसात सासऱ्याचा फोटो आहे, रोज ताजा हार. मला म्हणतो, "बाबा, आजोबांना जवळून बघितलेलं आता तुमच्याशिवाय कोणी नाही. आठवणी लिहून ठेवा. चांगल्या लिहा." लिहितो. पण माझ्या हातानं लिहिल्या तर त्यात माझ्या मनातलंच येणार. मी दुसरी पास. तिसरीत मास्तरनं कान पिरगळला, तो मी परत शाळेत गेलो नाही. गोड लिहायचं असेल तर पेपरवाल्याला बोलवा.

सासरा काम करणारा होता. हे मी नाकारत नाही. नाकारलं तर लोणावळ्यातल्या निम्म्या बंगल्यांच्या भिंती उठून मला खोटं पाडतील. नवलाख उंबरे गावचा माणूस. आईबाप नाहीत, डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन आला आणि कंत्राटदार झाला. कंत्राटदार झाल्यावरही सगळ्यांच्या आधी कामावर हजर. पन्नाशीत पाठीवर दगड घेऊन परांची चढायचा. मुंबईचे शेठ बंगला बांधायला काढायचे तेव्हा आधी त्यालाच बोलवायचे. तो जमीन बघायचा, वारा बघायचा आणि शेठलाच सांगायचा, "दार हिकडं न्हाई, तिकडं. पटत नसंल तर दुसरा बघा." शेठ दार तिकडंच घ्यायचे.

आमच्याशी मात्र बैलाशी बोलावं तसं बोलायचा. "ए, हात चालव. तोंड घरी ठिऊन येत जा." कोणाची आई आजारी म्हणून कोणी उशिरा आला तर त्याच्याकडून दिवसभर पाणी वाहून घ्यायचा. मी त्याच्याकडे सोळाव्या वर्षी लागलो आणि गवंडीकाम त्याच्याकडेच शिकलो. शिकवलं त्यानं, हेही खरं. पण शिकवताना शाबास म्हणून कधी म्हणाला नाही. चुकलं नाही म्हणजे पुढं सरक, एवढंच.

त्याचा जीव दोन ठिकाणी होता. एक लेक, दुसरी मोटार.

लेक तीन वर्षांची असताना बायको गेली. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. पोरीला कामावर न्यायचा. परांचीच्या बांबूला झोळी बांधायचा, आणि झोळी हलली की वरून खाली उतरायचा. तिची वेणी स्वतः घालायचा. चुन्यानं फाटलेले हात, म्हणून आधी खोबरेल चोळायचा, मग केसाला हात लावायचा. ही गोष्ट सांगताना कुसगावच्या बायका अजून पदर डोळ्याला लावतात. लावू देत. त्या बापाच्या दारात मला माझीच बायको मागायला तीनदा उभं राहावं लागलं, ते त्यांना माहीत नाही.

मोटार दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची, विलायती. काळी, लांबलचक, पुढं दोन मोठे दिवे. एका शेठनं बंगला विकला तेव्हा ती मागच्या अंगणात गवतात बुडाली होती. यानं बैल लावून ओढून आणली. मग तिचे भाग मिळावेत म्हणून तसल्याच आणखी दोन मोडक्या आणल्या. रविवारी सकाळपासून तिच्याखाली पाठीवर पडलेला असायचा. धुवट धोतरानं पुसायचा, इंजिनावरचं टोपण उघडून कान लावायचा, म्हणायचा, "ऐका, कशी बोलती." तिच्यासाठी दगडी भिंतीची, मंगलोरी कौलांची खोली बांधली. आम्ही बिगारी-गवंडी कामावर पत्र्याखाली झोपायचो.

एकदा एका गवंड्याच्या पायावर दगड पडला. पाय मोडला, रक्त थांबेना. मोटार समोर उभी होती. आम्ही त्याला उचलून तिच्याकडं नेला तर सासरा आडवा आला. म्हणाला, "रक्ताचा डाग गादीचा जात न्हाई. बैलगाडी जुपा." बैलगाडीतून नेला त्याला लोणावळ्याला. सासरा सगळी वाट त्या गाडीबरोबर चालत गेला, त्या माणसाचं डोकं हातानं धरून. लोक ते चालणं सांगतात. मी मोटारीचं सांगतो.

मला त्यानं लेक दिली ती माझा कामातला हात बघून. वडील नाहीत, जमीन भाताची चार खाचरं, पोरगा आपल्याच हाताखालचा. हा कुठं जातोय, असा त्याचा हिशेब. लग्न ठरवताना तोंडातून काढलं नाही. लग्नानंतर महिन्याभरात सुरू केलं, "वरची खोली मोकळीच हाय की. हितंच ऱ्हावा दोघं." म्हणजे घरजावई. आमच्या गावात घरजावयाच्या नावानं होळीला बोंब ठोकत. मी सांगितलं, "मामा, माझी म्हातारी हाय, माझं घर हाय." तो म्हणाला, "घर? कुडाला घर म्हनत्यात व्हय?"

पहिल्या बाळंतपणाला बायको माहेरी गेली. पोरगा झाला. पाचवी झाली, बारसं झालं. मी आणायला गेलो तर म्हणाला, "पावसाळा हाय. कुरवंड्याचा पाऊस म्हंजे डोंगर कोसळल्यागत. पोर लहान हाय." बरं, म्हणालो. दिवाळीनंतर गेलो तर, "थंडी हाय." माघात गेलो तेव्हा आढेवेढे न घेता सांगितलं, "कुडाच्या घरात माझा नातू पावसाळा काढनार न्हाई. भिंत बांधा, मग या." त्याच दिवशी मी त्याचं काम सोडलं आणि घाटात रेल्वेच्या भिंतीवर दुसऱ्या कंत्राटदाराकडं लागलो. बायको प्रत्येक वेळी आतल्या दारात उभी राहायची, पोराला काखेत घेऊन. बापासमोर बोलायची नाही. मला तिचाही राग यायचा.

वैशाखात त्याचा एक बिगारी आमच्या दारात आला. सुपारी पुढं केली. "सोमवारी नातवाच्या जावळाचं जेवान हाय. मंगळवारी पहाटं मोटारीनं नवलाख उंबऱ्याला, मालकांच्या देवाला. तितंच जावळ काढायचं. या म्हनलंय."

या म्हणलंय! मी पोराचा बाप, आणि मला सुपारी देऊन आमंत्रण, परक्या पाहुण्यासारखं. जावळ बापाच्या कुळदेवाला काढतात. पोराचा पहिला केस ज्या देवापुढं पडतो त्या कुळाचं ते पोर, हे आमच्यात लहान मुलालाही ठाऊक. म्हणजे मंगळवारनंतर माझा पोरगा सगळ्या मावळाच्या नजरेत त्याचा झाला असता, आणि मग मी कुठल्या तोंडानं त्याला माझ्या घरी आणणार होतो?

मी कोयता घेऊन निघत होतो. म्हातारीनं दार अडवलं.

"कुटं निघालास?"

"सोमवारपातूर कशाला थांबायचं? आजच निकाल लावतो."

"गप बस. भांडायला गेलास तर त्येची धा मानसं हायेत, तुजं एक डोकं. तू जेवायला जा. धुवट कापडं घाल, टोपी घाल, पाटावर बस. आन घास उचलू नगंस. जावयानं घास उचलल्याबिगर पंगत जेवत न्हाई. बघू किती येळ बसत्यात उपाशी."

सोमवारी मी गेलो. धुवट घातलं, टोपी घातली. अंगणात मांडव, शंभरेक माणूस. मोटार मांडवाच्या तोंडाशी आणून उभी केलेली, दिव्यांना झेंडूच्या माळा. लोक पोराकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघत होते. सासरा नवीन फेट्यात. मला बघून म्हणाला, "आला व्हय, बरं केलं," आणि पहिल्या पंगतीत मधल्या पाटावर बसवलं. जावयाचा मान द्यावाच लागतो, आत कितीही जळत असलं तरी.

पत्रावळी मांडल्या. भात, आमटी, पुरणपोळी. तूप वाढून झालं. सासरा हात जोडून म्हणाला, "चला मंडळी, सावकाश होऊ द्या."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

"पाव्हणं, घ्या की," माझ्या शेजारचा म्हातारा गवंडी म्हणाला. पूर्वी परांचीवर आम्ही जोडीनं काम केलेलं.

"भूक न्हाई."

"भूक न्हाई तर पानावर कशाला बसलात? आमाला हाय ना!"

पंगत हसली. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "रुसलेत जावईबापू. घड्याळ पायजे असंल."

"घड्याळ लग्नातच झालंय. आता सायकल."

"सायकल कशाला मागताय? समोर मोटार उभी हाय नटून. मागा पाव्हणं, मोटार मागा! आज न्हाई म्हनता येत न्हाई मालकाला."

पुन्हा हशा. सासरा हसला नाही. त्यानं मोटारीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काय पायजे ते बोला. पंगत खोळंबलीया."

"माझी बायको आन माझा पोरगा. आजच्या आज."

"ते काय कुटं पळून गेल्यात? हितंच हायेत. तुमी बी ऱ्हावा हितं. कोन नगं म्हनतंय?"

"माझ्या घरात दिवा कोन लावनार?"

"कुडात दिवा लावू नगा," तो म्हणाला. "पेटंल."

यावर सगळ्यात मोठा हशा झाला. मी थांबलो. हसून संपू दिलं. मग म्हणालो, "मामा, जावळ कुनाच्या देवाला काढत्यात? एवढी जानती मानसं बसलीत. इचारा."

जो तो पत्रावळीच्या काड्या चाळवायला लागला. सगळे त्याच्या कामावरचे, नाहीतर त्याच्या ओळखीतले. आमटीवर तेलाची साय धरायला लागली होती. माश्या आल्या होत्या. लहान पोरं रडकुंडीला आलेली, आणि त्यांच्या आया मला मनातल्या मनात शिव्या घालत असणार. घालू देत, म्हटलं. मी वर्ष काढलंय, तुम्ही एक दुपार काढा.

शेवटी माझ्या शेजारचा म्हातारा गवंडी पत्रावळीकडं बघत म्हणाला, "बापाच्या."

"काय म्हनलास?" सासरा.

"बापाच्या देवाला काढत्यात, मालक. आमी तरी तसंच बघितलंय." आणि मान खाली घातली. त्याचं पोट सासऱ्याच्या कामावर होतं. त्या माणसाला मी अजून मानतो.

सासऱ्यानं कमरेला हात घातला, करगोट्याला बांधलेली किल्ली सोडली आणि माझ्या पत्रावळीजवळ ठेवली.

"घ्या. मोटार घ्या. मागल्या दोन बी घ्या. खोली बी घ्या. लेकीला ऱ्हाऊ द्या. मला दुसरं हाय कोन?"

चेष्टा करणाऱ्यांची तोंडं उतरली. लोकांना वाटलं मी विरघळेन. मला त्या मोडक्या पायाचा माणूस आठवला. मी किल्ली एका बोटानं बाजूला सारली.

"बैलगाडीत मानूस रगात गळत नेला, त्या दिवशी कुटं व्हती ही किल्ली, मामा? आता माझी मानसं इकत घ्यायला काढली व्हय?"

तेवढ्यात आतून बायको आली. पोरगं काखेत. आतल्या बायका तिला मागं ओढत होत्या, ती झटकून आली आणि दोन पंगतींच्या मधे उभी राहिली. आधी बापाकडं वळली.

"दादा, मी काय मोटार हाय? एक द्यायची आन दुसरी ठिवायची?"

"बाय, तसं न्हाई..."

"मग कसं?" आणि माझ्याकडं वळली. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आन तुमी! बसलाय मांडी घालून, शंभर मानसं उपाशी ठिऊन. वर्सात तीनदा दाराशी आलात. दादांशी भांडलात आन गेलात. मला येकदा तरी इचारलंत, येतीस का म्हनून?"

खरं सांगतो, मला वाटलं ही येत नाही. शंभर माणसांसमोर मी विचारलं, "येतीस का?"

"येते. आदी जेवा. भात गार झाला समद्यांचा."

मी घास उचलला. गार आमटी, तुपाचा गोळा झालेला. पंगत माझ्या मागोमाग तुटून पडली, आणि बराच वेळ जेवण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

दुपार कलायच्या आत तिनं पत्र्याची पेटी भरली. मला वाटलं निघालो. सासरा मोटारीपाशी उभा, हातात हँडल.

"वैशाखाच्या उन्हात माझी लेक पोराला घिऊन चालनार न्हाई."

"मी बसनार न्हाई," मी म्हणालो.

"तुमाला बसा म्हनलंय कोनी?"

त्यानं हँडल मारलं. मोटार खाकरली आणि सुरू झाली. बायको पोराला घेऊन पुढं बसली, पेटी मागं. मी चालायला लागलो. ती मोटार माझ्या शेजारून गेली आणि सगळी धूळ माझ्या धुवट कपड्यांवर. मुद्दाम जोरात नेली, हे मी आजही म्हणतो. दिव्यांच्या झेंडूच्या माळा तशाच होत्या. वाटेतली माणसं हात करायची, जसं काय त्याचीच वरात.

कुरवंड्याचा चढ लागला आणि मोटारीला धाप लागली. वळणावर पोचलो तर ती उभी, टोपण उघडं, वाफेचा लोट. सासरा पाण्याच्या टाकीचं झाकण फेट्यानं धरून खाली वाकलेला.

"पानी बघा कुटं!" मला म्हणाला.

"वैशाखात? ह्या चढाला?"

मी दाराशी गेलो. पोरगं घामानं भिजलं होतं, तोंड लाल झालं होतं. मी हात पुढं केले. तिनं दिलं. रडेल वाटलं होतं, मला कुठं ओळखत होतं ते. पण खांद्यावर घेतलं तसं त्यानं माझी टोपी ओढली आणि दोन्ही मुठींनी केस धरले. मी चालायला लागलो. पाठीमागं बायको उतरल्याचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या मोटारीला मागं टाकलं, आणि वळून बघितलं नाही.

जरा पुढं गेल्यावर बायकोनं बघितलं. म्हणाली, "दादा येत्यात."

सासरा येत होता. मोटार तशीच रस्त्यात, टोपण उघडं, किल्ली काढली की नाही कोण जाणे. आणि पत्र्याची पेटी डोक्यावर. कंत्राटदार माणूस, नवा फेटा चुंबळीला लावलेला, बिगाऱ्यासारखा चढ चढत होता. हे ऐकून माझ्या नाती रडतात. मला त्या वेळी रागच आला. एवढं झाल्यावरही त्यानं मला माझी माणसं एकट्याला माझ्या घरी नेऊ दिली नाहीत. उंबरा मी ओलांडला तेव्हा तो चार पावलांवर होता.

म्हातारीनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या पायावर पाणी घातलं. सासऱ्यापुढं तांब्या ठेवून म्हणाली, "घ्या. नातू झालाय, आता लेकीच्या घरचं पानी चालतंय." तो उभ्यानं प्याला. बसला नाही. घराला फेरी मारली. पश्चिमेच्या अंगाला कुडात बोट घातलं, ते आरपार गेलं. तिथंच मी माघापासून दगड आणून टाकले होते, पायाही भरून ठेवला होता. घाटातल्या कामावरून आलो की जेवढं होईल तेवढं. पावसाच्या आत भिंत उठवायची हे मी कोणाला बोललो नव्हतो.

त्यानं दगडांचा ढीग बघितला. पाया बघितला. सदरा काढला, खुंटीला लावला आणि दगड उचलायला लागला.

मी उंबऱ्यावर बसून राहिलो. बायको आली. "हात लावा की जरा."

"मी बोलावलं न्हाई."

"म्हातारा मानूस हाय."

"मग बसावं की म्हाताऱ्यानं."

तो एकटाच लावत राहिला. माती स्वतः कालवली, दोरी स्वतः धरली. पोरगं रांगत त्याच्याजवळ गेलं तर मातीचा हात मागं लपवून दुसऱ्या हातानं त्याला थोपवलं. अंधार पडायला लागला तेव्हा एक थर पुरा झाला होता. हात धुतले, सदरा घातला. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, कळशी मागितली, पाणी भरून घेतलं आणि मोटारीकडं निघून गेला. मला "येतो" म्हणाला नाही. मीही "या" म्हणालो नाही.

जावळ त्याच महिन्यात आमच्या देवाला काढलं. त्याला सुपारी पाठवली, ज्या बिगाऱ्याच्या हाती मला आली होती त्याच्याच हाती. तो आला, मागच्या पंगतीत बसला आणि जेवून गेला. त्यानंतर तो दहा-अकरा वर्षं जगला आणि आमचं कधी जमलं नाही. ज्यांना त्याच्या चांगल्या आठवणी हव्यात त्यांनी भिंतींना विचारावं.

त्या सोमवारनंतरच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. पहार घेतली आणि त्यानं लावलेला थर कोपऱ्यापासून उपटला. एकेक दगड अंगणात मांडला. माती ओली होती, झटकन सुटले. मग परत लावायला घेतले. पहिलाच दगड दुसरीकडं लावून बघितला, बसेना. दोन-तीन जागा बघितल्या, बसेना. त्याच्याच जागी लावला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. बायको पाण्याचा हंडा घेऊन दारात आली, बघत उभी राहिली, मग आत गेली. ऊन अंगणात आलं तोवर थर पुरा झाला. हात धुतले नाहीत. दुसरा थर धरला.